कार्बन न्यूट्रलचा बोर्ड लावलात, पण जनरेटरची वही कुणी उघडली का? कुलगुरू साहेबांना खुलं पत्र

मा. कुलगुरू साहेब, कुलसचिव साहेब आणि व्यवस्थापन परिषदेतले सगळे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच विद्युत विभागात वायरमन म्हणून लागलो आणि सत्तावीस वर्षं नोकरी करून रिटायर झालो. तुम्ही मला ओळखणार नाही, पण कुलगुरूंच्या केबिनचा एसी मी दोनदा उघडलाय. विद्यापीठाचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांना पत्र आहे त्यांना कळेलच, आणि माझी पेन्शनची एक फाईल अजून तिथंच अडकलीय.

त्या फाईलसाठीच जूनमध्ये आलो होतो. मेन गेटमधून आत शिरलो तर समोर नवाकोरा बोर्ड, फ्लेक्स नाही हं, चांगला स्टीलच्या फ्रेमचा, हिरव्या अक्षरात "कार्बन न्यूट्रल परिसर", म्हणजे जेवढा कार्बन आपण हवेत सोडतो तेवढा भरून काढतो, शिल्लक शून्य. पाच जूनला पर्यावरण दिनाला उद्घाटन झालं म्हणे. मी वाचतोय तोवर लाइट गेली आणि बोर्डाच्या मागं शेडमधला जनरेटर सुरू झाला. सुरू होताना तो पहिला काळा भपका सोडतो ना, तो सोडला. वॉचमन ओळखीचा होता, तो हसला, मी पण हसलो. पण घरी गेल्यावर ते डोक्यातनं जाईना, कारण त्या जनरेटरची वही मी कितीतरी वर्षं लिहिलीय.

ती वही कशी असते ते आधी सांगतो, कारण सगळं पत्र तिच्याभोवतीच आहे. जाड पुठ्ठ्याचं लांबडं रजिस्टर, रकाने हातानं आखलेले. तारीख, सुरू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, अवर मीटरचं रीडिंग, डिपस्टिक बुडवून पाहिलेली टाकीची लेव्हल, किती लिटर टाकलं, सही. पानांना डिझेलचे तेलकट डाग असायचे, कारण बॅरलमधनं हातपंपानं डिझेल काढायचं आणि त्याच हातानं लिहायचं. रात्री दोनला लाइट गेली तरी ती नोंद व्हायचीच, नाहीतर सकाळी ज्युनियर इंजिनिअर साहेब डिझेल कुठं गेलं म्हणून विचारायचे. म्हणजे चोरी होऊ नये म्हणून का होईना, विद्यापीठात किती डिझेल जळलं याचा लिटर-लिटरचा हिशेब लिहिलेला आहे. आणि तुमच्या "कार्बन न्यूट्रल" अहवालात डिझेलचा आकडा काय आहे माहितीये? अहवालात डिझेल हा शब्दच नाही.

अहवाल मी वाचलाय. मिळवायला दोन महिने लागले. आधी ऑफिसात विचारलं तर म्हणाले अंतर्गत आहे, मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, तिसाव्या दिवशी उत्तर आलं की "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही, कार्यालयात येऊन पाहू शकता". गेलो, पाहिली. अर्धी पानं झाडांच्या फोटोंची, मधे एक टेबल, शेवटी सर्टिफिकेट. टेबल वहीत उतरवून आणलं आणि माझ्या मुलाला दाखवलं.

त्याचंही सांगतो. नाशिकातल्या अंबडला त्याचं छोटं वर्कशॉप आहे, बारा माणसं. तो एका मोठ्या कंपनीला पार्ट देतो. शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना सेबीनं २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा अहवाल बंधनकारक केलाय, त्यात आपण किती हरितगृह वायू सोडतो ते लिहावं लागतं, आणि आता या कंपन्या खालच्या सप्लायरकडे पण आकडे मागायला लागल्यात. तर त्याला एक एक्सेल शीट आली, महिन्याचे युनिट किती, डिझेल किती, मालाची गाडी किती किलोमीटर. त्यानं भरली. बारावी पास पोरगा, रविवारी दोन तास बसला आणि भरली. मग मला सांगा, जिथं शेकडो पीएचडी झालेली माणसं बसतात तिथं हे का जमत नाही?

आता एकेक तक्रार मांडतो. राग मानू नका, काही चुका तर तुमच्याच विरोधात गेल्यात, त्या पण प्रामाणिकपणे सांगणार आहे.

पहिली तक्रार, काय मोजायचं हेच ठरवलं नाही. जगभर यासाठी जीएचजी प्रोटोकॉल नावाची पद्धत वापरतात, पहिल्यांदा २००१ साली आली, आयएसओ १४०६४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक पण साधारण त्याच वाटेनं जातं. त्यात तीन कप्पे आहेत, त्यांना स्कोप म्हणतात. पहिल्यात आपण स्वतः जाळलेलं, म्हणजे जनरेटरचं डिझेल, आपल्या गाड्यांचं तेल, गॅस, आणि एसीतनं उडालेला गॅस पण. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. तिसऱ्यात बाकी सगळं जे आपल्यामुळं होतं पण आपल्या हातानं होत नाही, मुलांचं येणं-जाणं, प्रवास, कचरा, कागद, बांधकामाचं सिमेंट. आपल्या अहवालात फक्त वीज आणि झाडं आहेत. पहिला कप्पा पूर्ण रिकामा. घरखर्चाचा हिशेब मांडताना फक्त किराणा लिहायचा आणि शाळेची फी, दवाखाना, पेट्रोल सोडून द्यायचं, मग महिनाअखेर शिल्लक दिसणारच की.

डिझेलचं गणित तर अगदी सोपं आहे. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. लोकांना वाटतं लिटरभर डिझेलचं वजन किलोभर पण नाही मग धूर अडीच किलो कसा, तर हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो म्हणून. समजा उन्हाळ्यात महिन्याला ५०० लिटर लागलं, तर १३४० किलो. वही उघडा, बेरीज करा, गुणा. शाळेतलं पोरगं करेल.

दुसरी तक्रार विजेची, आणि इथं माझा जीव जास्त जळतो कारण हे माझं काम होतं. आपलं कनेक्शन एचटीचं, म्हणजे उच्चदाबाचं. महाराष्ट्रात एचटी ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर यायला लागलं, पण त्याच बिलात केडब्ल्यूएचचा, म्हणजे खरोखर वापरलेल्या युनिटांचा, आकडा पण छापलेला असतो. कार्बनसाठी केडब्ल्यूएच घ्यायचा असतो. अहवाल करणाऱ्यानं सरळ मोठा, ठळक दिसणारा केव्हीएएचचा आकडा उचलला. वर गुणक, म्हणजे एका युनिटामागं किती कार्बन डायऑक्साइड, तो लावला ०.८२ किलो, जो आठ-दहा वर्षांपूर्वीचा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी हा गुणक फुकट जाहीर करतं, आणि अलीकडं तो ०.७१ ते ०.७३ च्या आसपास आहे, कारण देशाच्या ग्रिडमध्ये सोलर आणि पवनचक्क्यांची वीज वाढलीय. फरक किती पडतो बघा. महिन्याचे खरे एक लाख युनिट असतील आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच, ०.९ असेल तर केव्हीएएच होतात एक लाख अकरा हजार, त्याला ०.८२ नं गुणलं की ९१ टन. बरोबर आकडा ७२ टन. म्हणजे महिन्याला १९ टन तुम्ही फुकटच स्वतःच्या अंगावर घेतलेत! मी म्हटलं ना, तुमच्या विरोधातल्या चुका पण सांगेन.

पण मग पुढच्याच ओळीत भरपाई करून टाकलीय. सोलरचे युनिट परत वजा केलेत. अहो, आपलं पॅनल मीटरच्या आतल्या बाजूला जोडलंय. त्याची वीज आधी आपल्याच ट्यूबलाइटला जाते आणि जी कमी पडते तेवढीच महावितरणकडनं येते. म्हणजे बिलात जो आकडा येतो त्यात सोलरची वजाबाकी आधीच झालेली असते. ती परत वजा करणं म्हणजे दुकानदारानं डिस्काउंट देऊन बिल केलं आणि आपण पैसे देताना तोच डिस्काउंट पुन्हा कापला.

सोलरवरनं आठवलं. मी नोकरीत असताना छतावरचा एक इन्व्हर्टर सात-आठ आठवडे बंद पडून होता, फ्यूज उडालेला. कुणाला पत्ता नव्हता, कारण सोलरचं रीडिंग घ्यायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं. मी टाकीचा फ्लोट बघायला वर गेलो आणि दिवा लाल दिसला म्हणून कळलं. एक किलोवॉट पॅनल आपल्याकडं दिवसाला चारेक युनिट देतं, किती गेलं असेल तुम्हीच काढा. मोजत नसलं की असं होतं, बिघाड झालेला पण दिसत नाही. आणि अहवालात मात्र पॅनलची छापील क्षमता गुणिले ३६५ दिवस. त्या आठवड्यांची वीज पण कागदावर तयार झाली, आणि वर सांगितलं तसं ती वजा पण झाली.

तिसरी, एसीचा गॅस. हे तर कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला पण नोकरीत असताना माहीत नव्हतं, मुलानं सांगितलं तेव्हा मी चाटच पडलो. आर-४१०ए नावाचा जो गॅस स्प्लिट एसीत असतो, तो एक किलो हवेत गेला की जवळजवळ २१०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतका तापवतो. दीड किलो उडाला तर तीन टनांच्या वर. म्हणजे हजार लिटर डिझेल जाळलं त्याहून जास्त, आणि ना धूर ना आवाज ना वास. आम्ही काय करायचो, एसी गार करत नाही म्हटलं की ठेकेदाराचा मेकॅनिक यायचा, व्हॉल्व्ह ढिला करून उरलेला गॅस फुस्स करून सोडून द्यायचा आणि नवीन भरायचा. असं शेकडो वेळा माझ्या डोळ्यांदेखत झालंय, त्यात माझा पण वाटा आहे, मी पाना धरून उभा असायचो. बिलावर काय लिहायचे? "गॅस चार्जिंग, १ नग". किती किलो ते कधीच नाही. नव्या एसीत आर-३२ येतो, तो याच्या एक तृतीयांश, पण फुकट नाहीच. जुन्या खोल्यांत अजून आर-२२ चे एसी आहेत, तो ओझोन वाचवायच्या मॉन्ट्रियल कराराखाली येतो म्हणून त्याचा हिशेब तीन कप्प्यांच्या बाहेर वेगळा दाखवायचा असतो, पण दाखवायचा असतो. बिलावर किलो लिहायला ठेकेदाराला सांगायचं, बस, एवढ्यानं काम होतं. एका सहीचं परिपत्रक.

चौथी. मेस, कॅन्टीन आणि बस तुम्ही "ठेकेदारामार्फत" म्हणून सोडून दिल्यात. म्हणजे काम आउटसोर्स केलं की धूर पण आउटसोर्स झाला? होस्टेलच्या पोरांच्या पोळ्या त्याच शेगडीवर होतात ना. १९ किलोचा एक सिलेंडर संपला की ५७ किलो होतात. समजा मेसला रोज चार लागतात, तर वर्षाचे तीनशे दिवस धरून ६८ टन, म्हणजे मघाशी सांगितलेल्या एक लाख युनिटांच्या जवळपास. ठेकेदाराचं आहे तर पहिल्या कप्प्यातनं काढून तिसऱ्यात टाका, नियम तेवढी मुभा देतात, पण गायब करायची मुभा कुणीच देत नाही.

कचऱ्याचं आणि सांडपाण्याचं मी फार बोलत नाही, तिथं मिथेनचा हिशेब लागतो आणि ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. तुमच्याकडं पर्यावरणशास्त्राची माणसं आहेत, ती करतील.

पाचवी तक्रार येण्या-जाण्याची. आपल्याकडं पोरं कुठनं कुठनं येतात, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, सिन्नर, इगतपुरी, ओझर. काही एसटीनं, काही सिटीलिंकच्या शहर बसनं, पण पार्किंग बघा, गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. एक पोरगं रोज येऊन-जाऊन ६० किलोमीटर स्प्लेंडर चालवतं असं धरा. लिटरला ५० चा अ‍ॅव्हरेज, म्हणजे १.२ लिटर, लिटरला २.३ किलोनं साधारण पावणेतीन किलो रोजचे, वर्षाला दोनशे दिवस आलं तर साडेपाचशे किलो. एका पोराचे. माझा पुतण्या असाच येतो म्हणून हे गणित मी त्याच्याच गाडीवर मांडलं. तो म्हणाला काका मग मी काय करू, सकाळच्या प्रॅक्टिकलला पोचवणारी बसच नाही. आणि तो बरोबर बोलला. त्याला दोष द्यायचाच नाहीये. पण कोणत्या गावाहून किती पोरं किती वाजता येतात हे एकदा कागदावर आलं, तर एसटीच्या आगारप्रमुखांकडं आणि सिटीलिंककडं जाऊन हक्कानं बस मागता येईल की नाही? आज तुमच्याकडं मागायला आकडाच नाही.

आणि हा आकडा गोळा करायला काय लागतं? दर वर्षी प्रत्येक पोरगं परीक्षेचा फॉर्म ऑनलाइन भरतं. त्यात जात, धर्म, आईचं नाव, रक्तगट सगळं विचारता. अजून दोन रकाने टाका, रोज किती किलोमीटर येता आणि कशानं येता. झालं सर्वेक्षण, शंभर टक्के पोरांचं, शून्य खर्चात.

सहावी, झाडं. आता इथं लोक मला झाडांचा दुश्मन म्हणतील. तपोवनातली झाडं तोडायची भाषा निघाली तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले, त्यात मी पण होतो, गुडघे दुखत असताना. आपल्या आवारातली कडुलिंबं आणि करंज तर माझ्या डोळ्यांसमोर मोठी झालीत, उन्हाळ्यात त्यांना ड्रम लावून पाणी आम्हीच घातलंय. पण अहवालात काय केलंय, प्रत्येक झाडाचा घेर मोजून त्यात आजपर्यंत एकूण किती कार्बन साठलाय ते काढलंय, आणि तो सगळाच्या सगळा एका वर्षाच्या धुरातनं वजा केलाय. साहेब, माझी पीएफची रक्कम सत्तावीस वर्षांची होती. ती एका महिन्याच्या खर्चातनं वजा करून मी सांगितलं असतं की बघा माझा खर्च मायनसमध्ये गेला, तर बायकोनं घरात घेतलं नसतं. आणि तुम्ही पुढच्या वर्षी तीच रक्कम परत वजा करणार, त्याच्या पुढच्या वर्षी परत. झाडानं या एका वर्षात जेवढा नवीन कार्बन घेतला तेवढाच मोजायचा असतो, आणि तो पण वेगळ्या रकान्यात. नेटवर फिरणारा आकडा घेतला, वर्षाला झाडामागं २२ किलो, तरी हजार झाडं म्हणजे २२ टन. महिन्याची वीज ७२ टन. आणि माझ्या पुतण्याच्या एका स्प्लेंडरला पंचवीस झाडं. लावायची तिथं झाडं लावाच, सावलीसाठी लावा, पाखरांसाठी लावा, पण त्यांच्या जिवावर न्यूट्रल होता येत नाही.

अजून एक बारीक गोष्ट राहिली. अहवालात एका ठिकाणी अभिमानानं लिहिलंय की २०१९-२० च्या तुलनेत २०२०-२१ मध्ये विजेचा वापर मोठ्या प्रमाणात घटला, "व्यवस्थापनाच्या प्रयत्नांमुळे". तेव्हा लॉकडाऊन होतं हो. होस्टेलला कुलूप होतं, आवारात आम्ही चार वायरमन, वॉचमन आणि कुत्री. हे वाचून मला हसावं का रडावं कळेना.

तुम्ही म्हणाल, निवृत्त माणसाला एवढं काय पडलंय. माझा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षं करतो, दोन एकर. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर जी गारपीट झाली ना, त्या रात्री मी तिथं होतो. सकाळी बागेत गेलो तर पानांची चाळण झालेली, घड खाली चिखलात, आणि भाऊ बांधावर नुसता बसून होता, बोलतच नव्हता. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं डावणी रोगासाठी फवारणी केली होती, हजारोंचं औषध. एका गारपिटीचं खापर कुणा एकाच्या माथी मारता येत नाही, तेवढं मला कळतं, आणि आपल्या विद्यापीठाच्या जनरेटरनं निफाडला गारा पाडल्या असं मी म्हणत नाहीये. पण हवा बिघडलीय हे आता शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको, आणि ती ज्या धुरानं बिघडलीय त्यात सगळ्यांची थोडी थोडी भर आहे. आपल्या वाट्याची भर किती, एवढंच विचारतोय. रेल्वेनं नाशिकरोडकडं येताना एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात ना, तसल्या कुठल्या ना कुठल्या चिमणीखाली आपल्या युनिटांचा कोळसा जळतो, आपल्या आवारात दिसत नाही एवढंच.

दुसरं कारण मुलांचं. १९९१ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर पर्यावरणाचा विषय शिक्षणात आला, पुढं पदवीला सक्तीचा झाला. आज पोरं त्याचा प्रोजेक्ट कशी करतात? झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, "जलप्रदूषण" किंवा "वृक्षारोपण काळाची गरज", वर नाव बदलायचं, स्पायरल बाइंडिंग साठ रुपये. त्याच पोरांच्या हातात जनरेटरची वही, मेसच्या सिलेंडरच्या पावत्या आणि बारा महिन्यांची बिलं द्या ना. कॉमर्सच्या पोरांना तर हे आवडेल, जमाखर्चच आहे शेवटी. बाहेरच्या एजन्सीला सर्टिफिकेटचे पैसे देण्यापेक्षा हे स्वस्त आणि पोरं कायमची शिकतील.

मला माहितीये हे सगळं कशासाठी होतं. नॅक, म्हणजे कॉलेज-विद्यापीठांना दर्जा देणारी संस्था. त्यांच्या सातव्या निकषात ग्रीन ऑडिट, एनर्जी ऑडिट विचारायचे, मार्क असायचे. त्यांची तपासणीची पीअर टीम येणार म्हटलं की आम्हाला पण रंग मारायला आणि ट्यूब बदलायला जुंपायचे, कुंड्या भाड्यानं यायच्या. त्यात मी तुम्हाला एकट्याला धरत नाही, सगळीकडं हेच चालतं. पण बोर्ड लावला तो पीअर टीमसाठी नाही, तो गेटवर लावला, म्हणजे तो माझ्यासाठी, रस्त्यानं जाणाऱ्यासाठी लावला. मग त्याचा जाब विचारायचा हक्क पण मला आला. परदेशात ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं आपले आकडे दरवर्षी उघड देतात, वाढले तरी देतात. आपला देश २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे साधारण असाच न्यूट्रल, होणार असं २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर झालंय. देशाला अजून चाळीस-पन्नास वर्षं लागणार आणि आपण पाच जूनला सकाळी साडेदहाला झालो सुद्धा.

तर मागण्या अशा.

बोर्ड उतरवा. फोडू नका, स्टोअरला जमा करा, खरंच तसं झालं की काढून लावू.

२०२४-२५ हे आधारवर्ष धरा आणि पहिल्या दोन कप्प्यांचा पूर्ण हिशेब करा. तिसऱ्या कप्प्यात पंधरा पोटभाग असतात, सगळे एकदम जमणार नाहीत, पहिल्या वर्षी येणं-जाणं, ठेकेदारांकडची मेस, कॅन्टीन, बस आणि कचरा एवढे घ्या, आणि जे घेतलं नाही ते घेतलं नाही असं स्पष्ट लिहा. लिहिलं की कुणी बोट दाखवणार नाही.

नुसता शेवटचा आकडा नको. दर महिन्याचे युनिट, लिटर, सिलेंडर, गॅसचे किलो, लावलेला गुणक आणि तो कुठल्या वर्षाचा, हे सगळं वेबसाइटवर टाका, माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये स्वतःहून माहिती जाहीर करायचं लिहिलेलंच आहे. म्हणजे माझ्यासारख्याला कोर्ट फी स्टॅम्प शोधत फिरायला नको. झाडं आणि सोलर वेगळ्या रकान्यात.

ज्यांनी अहवाल केला त्यांनीच तपासायचा नाही. तपासणारा वेगळा.

परीक्षेच्या फॉर्ममध्ये ते दोन रकाने, आणि एसीच्या बिलावर किलो. या दोन गोष्टी तर पुढच्या सोमवारपासून होतील.

आणि एका माणसाचं नाव ठरवा. समिती नको हो, समित्या मी खूप बघितल्या, त्यांच्या मीटिंगला माइक आणि पंखे लावायला मीच असायचो. एक माणूस, ज्याच्या टेबलावर दर महिन्याच्या पाच तारखेला सगळी रीडिंग येतील आणि जो दरवर्षी ३० जूनच्या आत आकडा जाहीर करेल. आकडा वाढला तरी जाहीर करेल.

आता शेवटचं. जनरेटरच्या जुन्या वह्या कुठं आहेत ते मला माहितीये. सबस्टेशनच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे, डावीकडचं, खालचा कप्पा, वर जुन्या चोक आणि पट्ट्यांचा ढीग टाकलाय. कपाटाचं दार अडकतं, थोडं उचलून ओढायला लागतं. उंदरांनी काही खाल्ल्या असतील पण २०१२ नंतरच्या चांगल्या असाव्यात, मी स्वतः प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवल्यात. बेरीज करायला बसायचं असेल तर मी येतो, मानधन वगैरे काही नको, फक्त एक टेबल आणि चालू असलेला पंखा द्या. सोमवारी अकरापर्यंत पोचतो, तोवर स्टोअरकीपरला किल्ली काढून ठेवायला सांगा.

आपला नम्र,
विद्युत विभागातला एक निवृत्त वायरमन
नाशिक

ता.क. पेन्शनच्या फाईलचं काय झालं तेही त्याच दिवशी विचारीन.